शुक्रवारची शिफारस

चैत्रात मानवतचं घर रिकामं करायला मी एकटीच गेले. यांना रजा मिळाली नाही. कुलूप उघडलं तसा बंद घराचा वास अंगावर आला, आणि त्याच्या मागून, जरा उशिरानं, रेकॉर्डींचा. जुना पुठ्ठा, तापलेली धूळ, रेकॉर्डी पुसायच्या मलमलीला लागलेला साबण. माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या सदऱ्यांनाही थोडा तोच वास यायचा. ते पौषात गेले. सदरे आम्ही तेव्हाच देऊन टाकले होते. वास मात्र घरात मागे राहिला होता.

बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबलावर रेकॉर्डींचं मशीन होतं. सासूबाईंनी विणलेला रुमाल त्यावर तसाच. रुमाल काढून मी चकती बोटानं ढकलली, तर ती आवाज न करता फिरत राहिली. सामान न्यायला गाडी दुपारनंतर येणार होती. पेट्या बांधायच्या सोडून मी तिथंच फरशीवर बसले. फरशी गार होती. शहाबादी फरशीचा उन्हाळ्यातला तो गारवा पुण्याच्या घरात नाही.

लग्न होऊन मी या घरात आले ती चारठाण्याहून. आमच्याकडे गाणं म्हणजे मोबाइलवर वाजणारं, नाहीतर मांडवातल्या भोंग्यावरचं. घरात बसून, दार लोटून, दुसरं काही न करता गाणं ऐकायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. अण्णा फार बोलायचे नाहीत. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला होता आणि त्या यंत्रांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो म्हणून बोलायची सवयच सुटली असावी, असं मी मनाशी ठरवलं होतं. दिवसभरात माझ्या वाट्याला त्यांची मोजकी वाक्यं यायची. 'चहा ठेव.' 'दार लाव.' आणि बाहेरच्या खोलीतून, स्वयंपाकघराकडे न बघता, 'शिट्टी झाली, गॅस बारीक कर.' कुकरची शिट्टी माझ्या आधी त्यांना ऐकू यायची.

शुक्रवारी मात्र ते वेगळे असायचे. सकाळपासून घरात लगबग. रेकॉर्डी पुसायला जुन्या मलमलीच्या साडीचे तुकडे मीच धुवून वाळत घालायची. दुपारी जुम्म्याची नमाज आटोपून वहाबचाचा यायचे. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अर्धा जन्म हैदराबादच्या गाडीवर गेलेला, आणि प्रत्येक मुक्कामी तिथल्या जुन्या बाजारातून एखादी रेकॉर्ड सीटच्या मागे ठेवून आणलेली. ते रेकॉर्डीला तवा म्हणायचे. त्यांच्या पाठोपाठ चित्रकलेचे जोशी सर, सायकल हातात धरून. रेकॉर्ड कॅरिअरला लावली तर दचके बसतात म्हणून ते चालत यायचे. मी पोह्यांऐवजी मुरमुऱ्यांचा सुशीला करायची. चाचांना तोच आवडायचा, वर शेंगदाणे जास्त घातलेला.

या तिघांचा एक नियम होता. दर शुक्रवारी पाळीपाळीनं एकानं एक रेकॉर्ड आणायची. तिला ते शिफारस म्हणायचे. ज्याची शिफारस असेल त्यानं आधी काही सांगायचं नाही, कोण गातंय, काय आहे, काही नाही. पुठ्ठ्याचं पाकीटही उलटं धरायचं. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की उरलेल्यांनी बोलायचं, आणि मग कितीही वेळ बोलायचं.

"आज शिफारस कुणाची?" चाचा दारातूनच विचारायचे, स्वतःची असली तरी.

मग खिडकी लोटली जायची. अण्णा रेकॉर्ड दोन तळव्यांच्या मधे, काठाला धरून उचलायचे. मध्येच कधी फुंकर, कधी मलमल. कापसाच्या हंगामात तर फार जपावं लागायचं. जिनिंगची बारीक रुई हवेत तरंगत यायची, दाराच्या फटीतून, खिडकीच्या जाळीतून, आणि सुईच्या टोकाला तिचं गुबगुबीत बोंड जमायचं. आवाज घुसमटला की अण्णा उठून मऊ ब्रशानं ते अलगद काढायचे. सुई टेकली की आधी ती खरखर, कढईत मोहरी तडतडायच्या आधी तेल जसं बोलतं तशी. मग आवाज. मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू यायचं. अण्णांची 'वा' सुद्धा. ती मोठी नसायची, पण जिथं पडायची तिथंच पडायला हवी होती असं वाटायचं.

एका शुक्रवारी चाचांनी कुठल्याशा बाईच्या आवाजातली रेकॉर्ड आणली. ढोलकीवर हळदीची गाणी, दखनीतली. आमच्या गल्लीत, चारठाण्याला, शेजारच्या घरी लग्न असलं की बायका अशीच गाणी म्हणायच्या. मी चहाचा ट्रे घेऊन निघाले ती दारातच थांबले. बाजू संपेपर्यंत तशीच उभी होते. चहावर साय आली तेव्हा मला भान आलं. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गार चहा उचलून प्याला. सरांनीही प्याला. मी आत येऊन ओट्याशी चेहरा लपवून उभी राहिले.

पुढच्या शुक्रवारी बाहेर चौथी खुर्ची होती. कुणी ठेवली ते कुणीच बोललं नाही. मी घुटमळले तर चाचा म्हणाले, "बस बेटी. कान तर तुलाबी हायेत."

मी अण्णांकडे पाहिलं. ते सुई पुसत होते. "बस," ते म्हणाले.

अशी मी बसायला लागले. आधी नुसती ऐकायची. मग हळूहळू बोलायला लागले. सर म्हणायचे, "ताई, चांगलं वाईट सांगू नका, काय दिसलं ते सांगा." मला दिसायचंही. कुठल्या आवाजात ओलं अंगण, कुठल्यात भरधाव एसटीच्या खिडकीतून मागे पळणारी बाभळ. चाचा खूश व्हायचे. आणि मग एकदा चाचांनीच तो विषय काढला. "आता पाळी हिचीबी लावा. नुसतं आपलंच ऐकायचं मंजे कसं?"

माझ्याकडे कुठली रेकॉर्ड असणार? पण नाही म्हणायचीही लाज वाटली. त्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा गावातल्या मांडववाल्या किसनमामांकडे गेले. पूर्वी लग्नांत ते भोंगा लावायचे. माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी चिमण्यांच्या काड्या झटकून रेकॉर्डी काढल्या. एकीवरचा कागद पार पुसला होता. "ही सनईची," मामा म्हणाले. "तुझ्या आईच्या लग्नात हीच वाजली. घेऊन जा."

साडीत गुंडाळून, मांडीवर धरून मी ती आणली. सेलूला एसटी बदलली. नवीन गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून मला किती बरं वाटलं होतं. घरी येऊन साडी सोडली तर रेकॉर्ड वाकली होती. उन्हानं तिला पापडासारखी लाट आली होती.

शुक्रवारी मी ती लपवून ठेवली. पण चाचांनी विचारलंच, "शिफारस कुणाची?" आणि अण्णा म्हणाले, "हिची." मग आणावीच लागली. अण्णांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिली आणि चकतीवर ठेवली. सुई वर जायची, खाली यायची, आणि सनई तिच्याबरोबर रडवेली होऊन हेलकावायची. येलदरी धरणाच्या पाण्यात होडी जशी जाते तशी. मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. तिघांनी दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या, डोळे मिटून, जसं दर वेळी ऐकायचे तसं.

मग बोलायची वेळ आली. आणि अण्णा म्हणाले, "हिला सनई सहन व्हायची न्हाई."

हिला म्हणजे सासूबाईंना. या घरात आल्यापासून त्यांच्याविषयी एक शब्द मी अण्णांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"कुणाच्याबी लग्नात सनई लागली की डोळ्याला पदर. मी म्हणायचो, अगं लग्न त्यांचं हाय, तू का रडायलीस? तर म्हणायची, तुमाला न्हाई कळायचं. मला खरंच कळलं न्हाई. आज थोडं कळायलंय."

त्या दिवशी ते पुष्कळ बोलले. सर आणि चाचा उन्हं उतरेपर्यंत बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कपाटाच्या दोन काचेच्या फळ्या काढल्या, रेकॉर्ड त्यांच्यामधे ठेवली, कोवळ्या उन्हात धरून मऊ केली आणि वर वरवंटा ठेवला. किती तरी दिवस ती तशीच दाबून होती. येता जाता ते वाकून बघायचे. निघाली तेव्हा सरळ होती, थोडीशी कड सोडली तर.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही. भाजी निवडता निवडता ते मला आवाज ओळखायला शिकवायचे. सारंगी कशी गळ्याच्या मागे मागे चालते, बासरीत फुंकर कुठं संपते आणि सूर कुठं सुरू होतो. हिवाळ्यातल्या त्या दुपारी, उंबऱ्यात सांडलेलं ऊन, सुपात तुरीच्या शेंगा, हवेत रुई, आणि आतून येणारी बासरी. आता मागे बघितलं की त्या दुपारी सलग एकच दुपार असल्यासारख्या वाटतात.

मग यांना पुण्यात नोकरी मिळाली. अण्णा यायला तयार नव्हते. "तिथं शुक्रवार कुठं हाय?" एवढंच म्हणाले. आम्ही गेलो. शुक्रवारी चाचा मला फोन लावून मशीनपुढे धरायचे. पुण्याच्या ओट्यावर मोबाइल ठेवून मी पोळ्या लाटत ऐकायची. फोनमधून आवाज डबीत कोंडल्यासारखा यायचा, तरी शेवटी चाचा विचारायचे, "बोल बेटी, काय दिसलं?" आणि मी काहीतरी सांगायची.

एका श्रावणात मी चार दिवस मानवतला आले होते. शुक्रवार होता. मी कुकर लावला आणि मागच्या अंगणात कपडे काढायला गेले. येऊन पाहते तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, भात करपला होता आणि बाहेरून हाक आली नव्हती. बाहेर गेले. अण्णा खुर्चीत डोळे मिटून मान डोलवत होते. रेकॉर्ड केव्हाच संपली होती. सुई शेवटच्या गोल रेघेत खर्र खर्र करत फिरत होती. मी जाऊन ती उचलली. त्यांना कळलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकून म्हणाले, "छान होती ना बासरी?"

मी हो म्हणाले.

दुपारी दोघं आले. चाचांची शिफारस होती. एका भरदार आवाजाच्या गवयाची, मागे पखवाज. सरांनी, पाळी नसताना, आपल्याकडची एक आणली होती, तीत संबळ आणि हलगी. अण्णा पुढं झुकून ऐकत होते. त्यांची 'वा' जिथं पडायला हवी तिथं पडत होती. मी त्या बसल्या जागी मागचे शुक्रवार आठवायला लागले. फोनवर मी काय काय ऐकलं होतं? पखवाज. चौघडा. जाडा आवाज. पुन्हा पखवाज. बाईचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आठवेना. सनई तर कधीचीच नाही.

चाचांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. "चाचा, बारीक आवाजाचं काही आणत न्हाई तुमी आताशा?"

चाचा चपलेत पाय सरकवत राहिले. मग हळू म्हणाले, "अण्णाला बोलू नको."

"कधीपासून?"

"त्याची वा जागा सोडायला लागली ना, तवापासून. आधी माझ्या तोंडाकडं बघायचा आन मग वा म्हणायचा. मला कसंतरी झालं बेटी. चाळीस साल मी इंजिनाच्या आवाजावर गाडी वळखली. दोस्ताचा आवाज वळखू नये?" त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सरांना मीच सांगितलं. म्हणलं, जड आवाजाचे तवे काढा. त्याला कळू द्यायचं न्हाई."

कानाचं मशीन अण्णांना आम्ही आणून दिलं होतंच. बोलायला ते घालायचे आणि रेकॉर्ड लावायची वेळ आली की काढून खिशात ठेवायचे. "माणूस कळतंय त्यात," म्हणायचे, "गाणं पत्र्याचं होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर लसूण सोलत बसले होते. मशीन कानात होतं. ते एकाएकी म्हणाले, "हे दोघं मला जड आवाजाच्याच रेकॉर्डी ऐकवायलेत. बघितलंस का?"

माझ्या हातातली पाकळी खाली पडली. "तुमाला माहीत हाय?"

"वहाबला पखवाज कधी आवडला? जन्मभर बायांच्या गजला ऐकत आला तो. पखवाज लागला की बिडी प्यायला बाहेर जायचा. आन आता शुक्रवारच्या शुक्रवारी पखवाज घेऊन यायलाय." ते हसले. "कुठून कुठून शोधून आणत असतील."

"मग सांगा ना त्यांना. की तुमाला कळलंय."

"कशाला? त्यांला संकोच वाटल. मग ते आणायचे बंद होतील." मग म्हणाले, "आन खरं सांगू का, पखवाजाकडं माझं कधी लक्षच नव्हतं. बासरीच्या नादात तो मागंच राहिलेला. आता त्याच्याशिवाय काही ऐकू येत न्हाई, तर नीट ऐकायलोय. लय मोठी गोष्ट हाय ती. मोकळ्या हाताचा, पंजाचा, बोटाचा, सगळा आवाज वेगळा. इतके दिवस घरात होता आन मी त्याला वळखलं न्हाई."

त्यांनी माझ्याकडून सोललेला लसूण घेतला. "तू पण सांगू नको."

अशी मी दोन्हीकडची गुपितं घेऊन पुण्याला परत गेले. पुढचे शुक्रवार फोनवर पखवाज वाजत राहिला, आणि मधेच अण्णांची ती 'वा' यायची, नेमकी, भरलेली. ओट्याशी उभी राहून मी हसायची आणि डोळे पुसायची. मुलगी विचारायची, "आई, कांदा चिरतेस का?" नंतर सर गुडघ्यांमुळे लेकीकडे नांदेडला राहायला गेले. खुर्च्या दोनच राहिल्या. शुक्रवार राहिला. मग पौष आला.

फाटक वाजलं तेव्हा मी अजून फरशीवरच बसलेली होते. चाचा होते. नमाज करून आले होते, हातात काठी, खांद्याला तीच कापडी पिशवी. आज शुक्रवार आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"तू येणार कळलं होतं," ते म्हणाले. खुर्चीत बसले, दम खाल्ला, मशीनकडे बघितलं. "चालतंय का?"

"चालतंय."

त्यांनी पिशवीतून रेकॉर्ड काढली. पाकीट उलटं धरलं होतं. मी खिडकी लोटली, मलमल शोधली, रेकॉर्ड पुसली आणि सुई टेकवली. एका कोवळ्या मुलीचा आवाज होता. काचेच्या बांगडीसारखा बारीक, आणि मागे फक्त एक सारंगी. आवाज इतका वरून चालला होता की खोलीतली हवासुद्धा हलू नये असं वाटत होतं. चाचांचे डोळे मिटलेले होते. बाजू संपली.

"हा तवा मला लय आधी मिळाला होता," ते म्हणाले. "घरीबी लावला न्हाई. म्हणलं, अण्णा न्हाई ऐकू शकत तर मी एकट्यानं कसं ऐकू? आज पहिल्यांदा ऐकला."

मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले. आता कुणाचं गुपित कुणापासून ठेवायचं?

"चाचा, अण्णांना ठाऊक होतं. तुमी जड आवाजाचं का आणता ते."

त्यांनी डोळे उघडले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुमाला संकोच वाटेल म्हणून बोलले न्हाईत."

चाचा काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. "मंजे मी त्याच्यासाठी आणत होतो, आन तो माझ्यासाठी ऐकत होता."

"न्हाई चाचा. त्यांना पखवाज खरंच आवडायला लागला होता. मला म्हणाले, लय मोठी गोष्ट हाय."

"असं म्हणाला?"

"हो."

"मलाबी," चाचा म्हणाले. "मलाबी आवडायला लागला होता. घरी लपून लावायचो. बेगम म्हणायची, हे काय धाडधाड." ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि उपरण्यानं तोंड पुसलं, मग डोळे.

बाहेर गाडी आली होती. गाडीवाला हॉर्न देत होता, पेट्या बांधल्या का म्हणून ओरडून विचारत होता. एकही बांधलेली नव्हती. मी उठले तसा चाचांनी हात वर केला.

"दुसरी बाजू राहिलीय," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन गाडीवाल्याला सावलीत बसायला सांगितलं, आत आले आणि रेकॉर्ड उलटी केली.